काचेचं कपाट

हिरेमठसाहेब शेवंतीच्या कुंडीसमोर उकिडवे बसले होते. गळ्यात टाय, हातात सुतळी. कुंड्यांची रांग सरळ आहे की नाही हे ते सुतळी ताणून बघत होते आणि सुतळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

"सिस्टर, शेवटून तिसरी जरा बाहेर आलीय."

"हो सर."

"पथक गेटातून आत शिरलं की पहिली नजर इथंच पडणार. ती चांगली पडली की निम्मे गुण तिथंच."

मी हो म्हणाले. सतरा वर्षं नोकरी झाली होती माझी. अडलेल्या बाळंतिणी सोडवल्या, विष प्यायलेल्यांच्या तोंडात नळ्या घातल्या, सापाच्या इंजेक्शनांचा हिशेब तोंडपाठ ठेवला, आणि त्या दिवशी सकाळी पावणेदहाला मी सुतळीचं टोक धरून उभी होते.

आमचं ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं. आजूबाजूला माळरान, वीटभट्ट्या आणि पवनचक्क्या. हिरेमठसाहेब वैद्यकीय अधीक्षक. मूळचे हाडांचे डॉक्टर, असं म्हणत. मी त्यांना हाड बसवताना कधी पाहिलं नव्हतं. स्टेथोस्कोप त्यांच्या गळ्यात फक्त पंधरा ऑगस्टच्या फोटोत असायचा. बाकी त्यांना सगळं येत होतं. फलक कुठं लावावा, फायलीला कुठल्या रंगाची नाडी बांधावी, पाहुण्यांना नारळपाणी द्यावं की ताक, याचं त्यांचं ज्ञान अफाट होतं.

त्या दिवशी साडेदहा वाजता गुणवत्ता पथक यायचं होतं. जिल्ह्यातल्या उत्तम रुग्णालयाला प्रमाणपत्र आणि फिरती ढाल मिळणार होती. महिनाभर आम्ही दुसरं काही केलं नव्हतं. भिंतींना रंग लागला. चादरी इस्त्री झाल्या. दोन दिवस आधी साहेबांनी बऱ्या, अर्ध्या-बऱ्या अशा अकरा पेशंटना घरी पाठवलं, कारण पेशंट असले की वॉर्ड अस्ताव्यस्त दिसतो. ड्युटीवरच्या डॉक्टर मुलाणी मॅडमना सकाळीच विश्रामगृहावर धाडलं होतं, पथकाला नाश्ता वाढायला. त्या लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. आमच्याकडे चहाची ताटली धरणारे शिपाई तीन होते आणि मुलांची डॉक्टर एक. साहेबांनी तिला ताटली धरायला पाठवलं.

पण या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे कपाट.

लहान मुलांच्या तातडीच्या उपचारांचं सामान आधी एका स्टीलच्या ट्रेमध्ये असायचं. ट्रे ट्रॉलीवर, ट्रॉली दाराशी. श्वास देण्याची रबरी पिशवी, म्हणजे आमच्या भाषेत अँबू बॅग, तिचे लहानमोठे मास्क, नळ्या, सुया, सगळं वर एक फडकं टाकून ठेवलेलं. दिसायला वाईट, पण अंधारातही हात घातला की हवं ते सापडायचं. साहेबांना ते फडकं खुपलं. त्यांनी काचेच्या दारांचं कपाट आणवलं. आत प्रत्येक मास्क वेगळ्या पिशवीत, प्रत्येक पिशवीवर रंगीत चिठ्ठी, खाली निळा दिवा. दागिन्यांच्या दुकानात शोभलं असतं. चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या होत्या. माझं अक्षर चांगलं आहे.

"किल्ली कुठं ठेवू सर?" मी आदल्या दिवशी विचारलं होतं.

"माझ्याकडे राहील. तुम्ही लोक हात लावता आणि ओळ बिघडते."

"मधेच एखादं पोर आलं तर?"

"उद्या पथक येणार आहे, सिस्टर," ते म्हणाले. जणू रोगांनाही त्याची लेखी सूचना गेलेली होती.

तर शेवटून तिसरी कुंडी मागे ढकलली आणि चंद्राबाई पदराला हात पुसत आल्या. चंद्राबाई आमच्याकडच्या आया. तीस वर्षं त्याच व्हरांड्यात झाडलोट करत होत्या आणि त्यांना कुणी कधी कुठल्या प्रशिक्षणाला पाठवलं नव्हतं.

"सिस्टर, बाकड्यावरचं प्वार गप झालंय."

"मग उत्तमच की," साहेब सुतळी गुंडाळत म्हणाले. "पथक आल्यावर रडारड नको."

चंद्राबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मगापासनं कण्हत हुतं. छाती भात्यागत चालली हुती. आता आवाज न्हाई."

मी सुतळी टाकली आणि गेले.

बाकावर वीटभट्टीवरची एक पोरसवदा बाई बसली होती. ललिता तिचं नाव, हे मला नंतर कळलं. मांडीवर चौदा महिन्यांची मुलगी, दुपट्यात गच्च गुंडाळलेली. ललिता म्हणाली, "निजली जणू आता. चार दिस झोप न्हवती तिला."

मी दुपटं सोडलं, झबलं वर केलं. पोर निजलेली नव्हती. डोळे अर्धे उघडे, नजर कुठंच नाही. ओठ राखेच्या रंगाचे. बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता, पण तोही आता हलकाच, आळसावल्यासारखा. तळपाय गार. छातीच्या मधोमध बोट दाबून सोडलं. पांढरा पडलेला ठिपका परत लाल व्हायला पाच सेकंद लागले. दोनच लागायला हवेत.

मी घड्याळ बघत श्वास मोजले. अर्ध्या मिनिटात नऊ.

साहेब मागे येऊन उभे होते. "किती?"

"मिनिटाला अठरा, सर."

"मग नॉर्मल आहे की."

मी त्या माणसाकडे पाहिलं. अठरा श्वास मोठ्या माणसाचे. निमोनिया झालेलं लहान पोर साठ-सत्तर श्वास घेतं, नाकपुड्या फुलवतं, मान हलवतं, कुंथतं, श्वास ओढायला अंगातलं सगळं बळ लावतं. आणि मग बळ संपतं. श्वास कमी होतो, आवाज थांबतो, आईला वाटतं उतार पडला. ते बरं झालेलं नसतं, ते दमलेलं असतं. त्यानंतर मिनिटं उरतात. हे मी एका रबरी बाहुलीवर तीन दिवस शिकले होते आणि परीक्षेत पहिली आले होते. साहेबांनी त्या प्रशिक्षणाच्या समारोपाला भाषण केलं होतं.

"सर, ही श्वास थांबवायच्या बेतात आहे," मी म्हणाले आणि पोरीला उचलून पळाले.

ड्रेसिंगच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर होता. अँबू बॅगही होती, पण मोठ्या माणसाची. तिचा मास्क पोरीच्या तोंडावर ठेवला तर हनुवटीपासून डोळ्यांपर्यंत सगळं झाकलं गेलं आणि दाबल्यावर हवा चारी बाजूंनी फुस्स झाली. छाती हलली नाही.

"सर, कपाटाची किल्ली."

साहेबांनी कोटाचा खिसा चाचपला, मग पँटचा, मग पुन्हा कोटाचा. "केबिनमध्ये. ड्रॉवरमध्ये आहे."

"आणा."

"केबिनला कुलूप आहे. त्याची किल्ली क्लार्ककडे."

"क्लार्क कुठाय?"

साहेबांनी टाय सारखा केला. "हार आणायला गेलाय."

सिलिंडर उघडायचा लोखंडी पाना हाताशी होता. मी पोरीला चंद्राबाईंच्या हातात दिलं, शेजारच्या खोलीत गेले आणि पाना काचेवर घातला. पहिल्या घावाला तडा गेला, दुसऱ्याला दार खाली आलं. मागून साहेबांचा आवाज आला, "अहो सिस्टर, थांबा, तो येईलच इतक्यात." हा माणूस चौदा महिन्यांच्या पोरीला हारांची वाट बघायला सांगत होता.

लहान बॅग, एक नंबरचा मास्क, झटकून काच काढली. तळहाताला चीर गेली ती मला संध्याकाळी दिसली.

परत आले तेव्हा पोरीचा श्वास थांबलेला होता. चंद्राबाईंनी तिला टेबलावर ठेवून, कुणी न सांगता, खांद्याखाली टॉवेलची घडी सारली होती. बाळाचं डोकं मोठं असतं, सपाट झोपवलं की मान पुढे वाकते आणि श्वासाची नळी मिटते. तीस वर्षं बाळं हाताळलेल्या बाईला हे कुणी शिकवायला लागलं नाही. मी हनुवटी उचलली, मास्क घट्ट बसवला, बॅग दाबली. छाती वर आली. दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड.

"सर, ठोके मोजा."

"मी?"

"माझ्या गळ्यातला घ्या. माझे हात मोकळे नाहीत."

त्यांनी माझा स्टेथोस्कोप घेतला, कानात घातला, छातीवर ठेवला. कपाळावर घाम होता. "पन्नास," ते म्हणाले. "कमीच आहेत, सिस्टर."

"मला माहितीय. मोजत राहा. अर्ध्या मिनिटात वाढले नाहीत तर छाती दाबायला लागेल. तुम्ही दाबायची."

ललिता भिंतीला टेकून उभी होती. ती रडत नव्हती. दोन्ही हातांनी रिकामं दुपटं धरून ती माझ्या हातांकडे बघत होती.

"पंचावन्न," साहेब म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. "सत्तर." मग, "शंभरच्या वर गेले."

ओठांची राख हळूहळू विरली. पण हातपाय गारच. शीर सापडेना, मी दोनदा सुई टोचली. साहेब म्हणाले, "सरका," आणि कपाटातल्या फुटक्या काचांमधून त्यांनीच हाडात घालायची जाड सुई आणली. गुडघ्याखाली बोटाने जागा चाचपली, सुई रोवली, फिरवली, थांबली तिथं सोडली. एका दमात. तेवढं मात्र त्यांचं त्यांना आलं. मी सिरिंजने सलाईन देण्याचं प्रमाण सांगितलं, थोडं थोडं, फुप्फुसावर भार येणार नाही असं. ते निमूट देत राहिले.

आणि दारात पथक उभं राहिलं.

पाच जण होते, हातात गुच्छ. क्लार्कने त्यांना वाटेतच हार घातलेले होते. मुलाणी मॅडम त्यांच्या मागे, नाश्त्याची यादी हातात. पुढच्या बाईंनी खोलीभर नजर फिरवली. मी बॅग दाबतेय, साहेब टेबलावर वाकून सिरिंज ढकलताहेत, जमिनीवर काच.

"मॉक ड्रिल आहे का ही?" बाईंनी विचारलं.

"होय मॅडम," हिरेमठसाहेब म्हणाले.

हात न थांबवता म्हणाले. सवयीने. वरिष्ठांनी काही विचारलं की आधी होय म्हणायचं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं होतं. बाईंनी मान डोलावली आणि कागदावर काही लिहिलं. मुलाणी मॅडमनी यादी जमिनीवर टाकली, बाईंना बाजूला सारून आत आल्या आणि पोरीच्या छातीला कान लावला. पथकापैकी एक जण म्हणाला, "फार हुबेहूब." मग ते कुंड्या बघायला गेले.

रुग्णवाहिका आली. जिल्ह्याच्या गावापर्यंत सव्वा तास मी आणि मुलाणी मॅडम आळीपाळीने बॅग दाबत गेलो. पोर जगली. दुर्वा तिचं नाव.

पुढच्या आठवड्यात दोन कागद एकाच टपालात आले. पहिल्यात निकाल. तातडीच्या सेवांची सज्जता या सदरात आम्हाला पैकीच्या पैकी गुण होते, प्रात्यक्षिकाचं खास कौतुक होतं. ढाल आम्हाला मिळाली. दुसरा कागद माझ्या नावाचा. शासकीय मालमत्तेची, म्हणजे कपाटाच्या काचेची मोडतोड का केली, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

मी खुलासा केला. तीन पानं. तसं मी आयुष्यात पुन्हा काही लिहिलं नाही. हार आणायला गेलेला क्लार्क, कुलपातली किल्ली, अठरा श्वासांना नॉर्मल म्हणणारा डॉक्टर, सगळ्यांना त्यात जागा होती. कुठंही आवाज चढवला नव्हता, फक्त वेळा लिहिल्या होत्या. दहा वाजून दोन मिनिटांनी किल्ली मागितली. दहा वाजून तीन मिनिटांनी काच फोडली. दुपारच्या चहाला मी तो वाचून दाखवला तेव्हा सगळ्या जणी हसून हसून दमल्या. चंद्राबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या कपबश्या विसळत होत्या.

त्याच दिवशी ललिता आली. मोठ्या दवाखान्यातून सुट्टी झाली होती आणि तपासायला आमच्याकडे पाठवलं होतं. दुर्वा कडेवर, वाळलेली, पण हातातली बिस्किटं चोखत होती. मी झबलं वर करून छाती पाहिली, मिनिटभर श्वास मोजले, बत्तीस भरले.

"छान आहे," मी म्हणाले. "तिकडे नीट बघितलं ना?"

"बघितलं की. पण डाक्टर लई बोलले मला. म्हणले, तासभर आधी आणली असती तर श्वास थांबायची पाळीच आली नसती. आयांना अक्कल नसती म्हणले."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार. चुकलं म्हणलं."

"पण तू तर," मी म्हणाले आणि थांबले.

"नऊलाच आले हुते की मी," ललिता म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "तुमी दारातच भेटलासा. मी दुपटं काढून दावत हुते. तुमी म्हणालासा, सर्दी हाय, बसा, पथक जाऊ दे, मग बघू. मला वाटलं, तुमास्नी कळतंय. मग ती जास्तच कुंथाया लागली तवा मी उठून वरडाय पायजे हुतं. न्हाई वरडले. चुकलंच माझं."

ती खरं सांगत होती. नऊला साहेबांनी कपाट उघडून दिलं होतं आणि मी हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन तिकडे निघाले होते, शेवटची ओळ लावायला. त्या ढालीबरोबर एका परिचारिकेचं नाव पुरस्कारासाठी पुढे जायचं होतं आणि ते माझं असेल असं साहेबांनी दोनदा सुचवलं होतं. मी पोरीकडे पाहिलं होतं. चालता चालता, पण पाहिलं होतं. तिच्या नाकपुड्या फुलत होत्या. बाहुलीच्या नाकपुड्या फुलत नाहीत, म्हणून प्रशिक्षणात आम्हाला त्याची चित्रफीत चार वेळा दाखवली होती. मी ओळखलं, आणि बसा म्हणाले.

माझ्या तीन पानांत सगळ्यांच्या वेळा होत्या. नऊ वाजताची वेळ नव्हती.

"तुझं काही चुकलं नाही," मी ललिताला म्हणाले. पुढचं वाक्य जिभेवर होतं. ते आलं नाही. ललिताने दुर्वाचा हात धरून मला टाटा करायला लावला आणि ती गेली.

मी कोरा कागद घेतला, चार ओळी लिहिल्या आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले. माझा खुलासा त्यांच्या टेबलावरच होता, पुढे पाठवायच्या गठ्ठ्यात.

"सर, यात हे पान जोडायचंय."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता हा माणूस हसेल. तीन पानांत मी त्याची सालटी काढली होती, आणि चौथं पान मी स्वतःच त्याच्या हातात दिलं होतं.

ते हसले नाहीत. "सिस्टर," ते म्हणाले, "त्या बाईच्या समोरून मी तीनदा गेलो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पण तुम्हाला काय विचारलंय? काच का फोडली. एवढंच विचारलंय ना? मग जे विचारलं त्याचं उत्तर द्यावं. पहिली तीन पानं चांगली आहेत. माझ्याविरुद्ध आहेत, तरी चांगली आहेत. मी शिफारस लिहून पाठवतो." त्यांनी चौथं पान माझ्याकडे सरकवलं.

महिनाभर मी त्या माणसाला मनात नावं ठेवत होते. त्या क्षणी त्याची किळस यायला हवी होती. मला आली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. मी पान घेतलं, घडी घातली आणि बाहेर आले. पंधरा दिवसांत माझ्यावरची कारवाई मागे घेतली गेली आणि परिचारिका म्हणून माझं नाव पुढे गेलं.

याला अकरा वर्षं झाली. हिरेमठसाहेब निवृत्त झाले. आता नव्या परिचारिकांना मुलांच्या श्वासाचं प्रशिक्षण मीच देते. कपडा वर करा, छाती बघा, पूर्ण मिनिट मोजा, तळपायाला हात लावा, रडणाऱ्यापेक्षा गप्प पडलेल्या पोराला घाबरा, हे सगळं सांगते. आणि मग कपाटाची गोष्ट सांगते. ती मी फार चांगली सांगते. हार आणायला गेलेल्या क्लार्कवर मुली हसतात. काच फुटते तिथं टाळ्या पडतात.

गेल्या महिन्यात टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतली एक परिचारिका उठली. सडपातळ, चष्मा लावलेली, मांडीवर वही.

"मॅडम, एक विचारू? ते बाळ सकाळी कण्हत होतं म्हणालात. मग दहापर्यंत ते कुठं होतं?"

अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"बाकावर," मी म्हणाले. "नऊ वाजता मी त्याच्या नाकपुड्या फुलताना पाहिल्या होत्या. आणि मीच त्याला तिथं बसवलं होतं."

त्या मुलीने मान खाली घातली आणि वहीत ते लिहून घेतलं.